गडग्यापलीकडचा नीरफणस

भाट्याच्या दमयंतीचं परसू बघितलं नाही असं माणूस त्या वाडीत नव्हतं. अबोली, अनंत, सोनचाफा, मागाल ते फूल. आणि विहिरीच्या कडेला सासूने लावलेला नीरफणस, अख्ख्या वाडीत तेवढा एकच. त्याचे काप ती घरोघर हात सैल सोडून वाटायची. पण नीरफणसाला बी नसतं, मुळालाच फुटवा येतो, आणि तो दिसला रे दिसला की ती मुरगळून टाकायची. झाड दुसऱ्याच्या दारात गेलं तर आपल्या दारात कोण येणार? नवरा दादू तसा अबोल. घरात जो काही आवाज व्हायचा तो परसू बघायला येणाऱ्या बायकांचाच.

दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे धाकटी जाऊ ऋतिका राहायची. तिचा नवरा अनिल पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर स्वयंपाकी. यंदा त्याच्या कंपनीने बायकोला सोबत न्यायची परवानगी दिली आणि ऋतिका थेट क्रिकेटवाल्यांच्या वेस्ट इंडीजला जाऊन आली. तेव्हापासून दमयंतीच्या पोटात जे दुखायला लागलं त्यावर ओव्याचा काही उपयोग नव्हता.

चैत्रातलं हळदीकुंकू आलं. एरवी बायका दमयंतीकडे ऊन उतरायच्या आत येऊन परसात रेंगाळायच्या. यंदा पन्हं उभ्या उभ्या प्यायल्या आणि गडगा ओलांडून गेल्या, कारण ऋतिका टीव्हीवर फोटो दाखवणार होती. न जावं तर चर्चा होणार, म्हणून दमयंतीही गेली आणि दाराशी बसली.

जमैकाचा धबधबा आला. माणसं हातात हात धरून पाण्यातूनच वर चढत होती, त्यात ऋतिकासुद्धा, कुर्ता चिंब. मग डॉमिनिकातलं उकळतं तळं, वाफांनी भरलेलं.

"आपल्या तुरळला नाहीत काय गो गरम पाण्याची कुंडं?" दमयंती म्हणाली.

"गप गो, बघू दे जरा," येसूबाई म्हणाली. ही येसूबाई गेली कित्येक वर्षं दमयंतीच्याच अबोलीची वेणी माळत आली होती.

शेवटी सेंट व्हिन्सेंट बेटावरची जुनी बाग आली. एका झाडापुढे पाटी आणि फोटो काढणाऱ्यांची गर्दी. "ओळखलंत? आपला नीरफणस!" ऋतिका उड्या मारत म्हणाली. "दोनशे वर्षांपूर्वी जहाजातून आणलेल्या झाडाचा हा वंश, असं तिथला माणूस सांगत होता. मी त्याला म्हटलं, आमच्या वैनीकडे पण आहे. वैनी, मला एक फुटवा द्याल? दारात लावीन."

"दे गो दमयंती," बायका एका सुरात म्हणाल्या.

"बघू," दमयंती म्हणाली आणि घरी आली. डोंगर, धबधबे, उकळती तळी सगळं बघून झालं, आणि आता हिला माझं झाडही हवं! तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऋतिका मासळी आणायला मिरकरवाड्याला गेली तशी दमयंतीने कुदळ घेतली. नीरफणसाचं एक जाड मूळ गडग्याखालून पलीकडे गेलेलं तिला ठाऊक होतं. आज ना उद्या ते तिकडे डोकं वर काढणार. तिने माती उकरली आणि कोयतीने मूळ गडग्याच्या अलीकडेच तोडून टाकलं. मूळ दुखावलं की तिथूनच फूट येते, हे एरवी तीच वाडीला सांगायची. पण मत्सर डोक्यात गेला की माणसाला स्वतःचंच शिकवलेलं आठवत नाही. दादू पायरीवर बसून बघत होता.

श्रावणात एका सकाळी ऋतिकाची हाक आली, "वैनी, लवकर या!" दमयंती गेली तेव्हा येसूबाई आणि चारदोन बायका आधीच जमल्या होत्या. गडग्याला लागून, ऋतिकाच्या अंगणात, नीरफणसाचे तीन कोंब आले होते, तजेलदार, हातभर.

दमयंतीने कोंबांकडे पाहिलं, मग गडग्याकडे. ऋतिका वाकली आणि तिच्या पाया पडली. "मी मागितलं तेव्हा नुसतं 'बघू' म्हणालात. आणि गुपचूप मूळ तोडून ठेवलंत! मला वाटलं आपोआप आले. भाऊजींनी सांगितलं तेव्हा कळलं."

दमयंतीने वळून पाहिलं. गडग्यापलीकडे दादू विहिरीवर पाणी काढत होता. त्याने मान वर केली नाही.

"मन मोठं हो हिचं," येसूबाई म्हणाली. "नायतर फुटवा कोण देतो?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. कितीतरी महिन्यांनी सगळ्यांचे डोळे दमयंतीवर होते. तिला हवं होतं ते हेच.

"मुळाशी पाणी साचू देऊ नको," ती कशीबशी म्हणाली आणि घराकडे निघाली.

मागे बायकांचं बोलणं चालूच होतं, दमयंती अशी आणि दमयंती तशी. ऐकता ऐकता तिच्या पोटात पुन्हा तेच दुखायला लागलं. आता तिला ऋतिकाचा हेवा वाटत नव्हता. त्या बायका जिचं एवढं कौतुक करत होत्या, त्या दमयंतीचा वाटत होता.