भिंतीतल्या शेगडीची नळी

गेली बावीस वर्षं मी गावातल्या दूध संकलन केंद्रावर बसतो. समोर आलेल्या कॅनमध्ये पाणी आहे का, हे पाहणं माझं काम. माणूस सज्जन असला तरी पाहायचं, सोयरा असला तरी पाहायचं. ही सवय केंद्राच्या दारात चपलेसारखी काढून ठेवता येत नाही. ती माझ्याबरोबर घरी येते, लग्नकार्यात येते, आणि मागच्या हिवाळ्यात आळेफाट्याच्या एका दुकानातही आली.

मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे होणार होतं. दिवस पौषात भरत होते. आमचं घर आळ्याहून पिंपरी पेंढारकडे जाताना शेतात आहे, भोवती उघडं रान. चार वर्षांपूर्वी कौलं उतरवून स्लॅबचं घर बांधलं. बाळंतिणीसाठी ठरवलेली खोली पश्चिमेची, अकरा बाय बारा, उंची दहा फूट. कार्तिक संपताना मी त्या खोलीत केंद्रावरचा जुना थर्मामीटर टांगला आणि आठ दिवस पहाटेचा आकडा लिहिला. तेरा, तेरा, बारा, साडेअकरा. पुढे पौष बाकी होता.

माझी आई माळशेज घाटाजवळच्या मढकडची. तिकडचा वारा आणि पाऊस अंगावर घेऊन वाढलेली. तिच्या मते बाळंतिणीच्या खोलीचे नियम दोनच.

"वारा शिरता कामा न्हाई. आन् बाजंखाली इस्तवाची शेगडी पायजे. तुला मी तशीच वाढवलीया."

"आई, तेव्हा वर कौलं होती. धूर फटींतून जायचा. आता स्लॅब आहे."

"मंग बांधला कशाला स्लॅब?"

नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला बजावलं होतं की खोली उबदार ठेवा, पण बंद खोलीत कोळसे नकोत, बाळाच्या छातीला ते सोसत नाही. विजेचा हीटर मी आधीच बाद केला होता. पहाटे मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूब डोळे मिचकावत राहते. उरला गॅस.

आळेफाट्याच्या त्या दुकानात गिझर आणि स्वयंपाकघराच्या चिमण्या मिळतात. माळशेजच्या रस्त्याला शहरातल्या लोकांची फार्महाऊस झाली, तेव्हापासून दुकानदाराने फायरप्लेसही ठेवायला सुरुवात केली. भिंतीत बसणारी काळी पेटी, पुढे काच, आत मातीची खोटी लाकडं आणि त्यांतून निघणाऱ्या गॅसच्या ज्वाळा. दुकानदार चाळिशीचा, गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्याच्या कॅनमध्ये मी लॅक्टोमीटर दोनदा बुडवतो.

"भाऊ, हे मॉडेल घ्या. पाइप नाही, भिंत फोडायची नाही, काही नाही. आजच नेऊन लावा."

"पाइप नाही तर जळालेलं कुठं जातं?"

"धूर होतच नाही, राव. एकदम स्वच्छ ज्वाला. बघा की, निळी आहे."

ज्वाला निळी होती, मान्य. पण दुकानाला पुढून दहा फुटांचं शटर होतं आणि ते सताड उघडं होतं. आमची खोली तशी नव्हती.

"शटर खाली घ्या," मी म्हणालो. "आपण दोघं आत बसू. अर्धा तास."

तो हसला. मी हसत नाही हे पाहून त्याने शटर खाली ओढलं. मी स्टुलावर बसलो आणि घड्याळ पाहिलं. तो बोलत राहिला, कोणत्या बंगल्यात कोणतं मॉडेल बसवलं वगैरे. सहाव्या मिनिटाला शेजारच्या काचेच्या कपाटावर दव धरलं. आठव्या मिनिटाला त्या दवाचा ओघळ झाला. मी बोट फिरवून त्याला दाखवलं.

"हे काय?"

"गॅस जळला की थोडी वाफ होतेच, भाऊ."

"म्हणजे जळालेलं सगळं इथंच आहे. तुमच्यामाझ्या नाकात."

अकराव्या मिनिटाला तो उठला आणि शटर वर केलं. गरम झालं म्हणाला. मी वहीत लिहून घेतलं, अकरा मिनिटं, आधी तो उठला.

मग त्याने दुसरं मॉडेल सांगितलं, जे तो आधी सांगत नव्हता, कारण ते दुकानात नव्हतं, पुण्याहून मागवावं लागत होतं. त्याची काच पक्की बंद असते. भिंतीतून एक जाड नळी बाहेर जाते आणि तिच्या पोटात दुसरी बारीक नळी. मधल्या नळीतून जळालेलं बाहेर, भोवतालच्या जागेतून ताजी हवा आत. खोलीतली हवा त्याला लागतच नाही.

"आणि बाहेरचं तोंड बुजलं तर? गांधीलमाशीनं घर केलं तर?"

"आपोआप बंद पडतं."

"दाखवा."

"पीसच नाही इथं, तर दाखवू कशावर?"

मी ते मागवलं, पण मनातून नाही. "आपोआप" या शब्दावर माझा विश्वास नाही. आपोआप काहीच होत नाही, कुणीतरी करतं किंवा कुणीतरी विसरतं.

पेटी आली. मिस्त्रीने पश्चिमेच्या भिंतीला भोक पाडलं, नळी बाहेर काढली, तिच्या तोंडावर जाळी बसवली. सिलिंडर बाहेर, सावलीत. मी साबणाचा फेस करून प्रत्येक सांधा तपासला. मिस्त्रीने तो आधीच तपासला होता, त्यामुळे त्याला राग आला. मग मी त्याला म्हणालो की जरा नळीच्या तोंडात फडकं कोंबू, बंद पडतं का पाहू.

"आमचं काम बसवायचं. कोंबायचं नाही," तो म्हणाला.

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, असलं काही करू नका, वॉरंटी जाईल." मला वाटलं, हेच ते. ज्याला खात्री असते तो पाहू देतो. वहीत मी त्या ओळीपुढे लिहिलं, सिद्ध झालेलं नाही.

आईने पेटी पाहिली, खाली वाकून आतली लाकडं पाहिली.

"लाकडं जळत न्हाईत?"

"नाही, मातीची आहेत."

"मंग राख न्हाई?"

"नाही."

"राख न्हाई तो कसला इस्तू," ती म्हणाली आणि उठून गेली.

मुलगी बाळाला घेऊन पाचव्या दिवशी घरी आली. नातू झाला होता, दोन किलो सातशे. दवाखान्याच्या काट्यावर मी स्वतः पाहिलं. खोली तेव्हा चोवीस अंश होती. मी खिडकीला रबराची पट्टी लावली होती आणि वरचं झरोक्यासारखं व्हेंटिलेटर, नऊ बाय बारा इंच, मुद्दाम उघडं ठेवलं होतं. पेटी फसली तर निदान तेवढी वाट असावी म्हणून. आई दोन वेळा शेक-मालिश करायची, मुलीचे कान फडक्याने बांधायची, आणि दार उघडं दिसलं की ओरडायची. सहा दिवस आकडा चोवीसवरून हलला नाही. मी जरा सैल पडलो.

सातव्या दिवशी सकाळी पेटी लावली आणि तीन-चार मिनिटांत ज्वाला पिवळी झाली, लपकली, विझली. पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा खट् असा आवाज आला आणि मग ती लागेचना.

पहिला संशय सिलिंडरवर. काढला, केंद्रावर नेला, दुधाच्या काट्यावर ठेवला. वजन बरोबर होतं. दुसरा रेग्युलेटरवर. शेजाऱ्याचा आणून लावला, फरक नाही. तिसरा मिस्त्रीवर, मी त्याला फेस करून चिडवला होता, त्याने काही ढिलं सोडलं असेल. आणि सगळ्यांत मोठा दुकानदारावर. कुठल्यातरी फार्महाऊसमधून काढलेला जुना माल पुसून माझ्या गळ्यात मारला. शटर खाली घ्यायला लावलं त्याचा सूड. पेटीवरचा नंबर मी पावतीशी ताडून पाहिला. जुळला. तरी मनाने घेतलं नाही, नंबरही बदलता येतात.

दुपारपर्यंत खोली सतरावर आली. पहाटेपर्यंत अकराच्याही खाली जाणार हे मला वहीतून माहीत होतं. बाळ अकराव्या दिवसाचं. आईने अंगणात कोळसे फुलवले आणि शेगडी घेऊन खोलीच्या दाराशी आली.

"आत न्यायची नाही," मी म्हणालो.

"सरक."

"आई, धूर नसला तरी त्याचं विष असतं. दार बंद, खिडकी बंद. पोरगी झोपली की कळणारही नाही."

"पाच पोरं शेकली मी. एक मेलं न्हाई."

"कौलाखाली शेकली."

आतून मुलगी म्हणाली, "पप्पा, आजी, तुम्ही दोघं बाहेर भांडा ना. आत्ता झोपलंय ते."

शेवटी बायकोने मार्ग काढला. "अहो, नातू काय त्या खोलीला चिकटवलाय का? स्वयंपाकघरात आणा. दिवसभर चूल-तवा चालू असतो, दार मागचं उघडं असतं." बाज स्वयंपाकघरात गेली. आईने उघड्या दाराकडे पाठ करून पदर पसरला आणि वाऱ्याला आडवी बसली. मी दुकानदाराला फोन करून जे बोललो ते इथे लिहीत नाही. तो शांतपणे म्हणाला, "सकाळी स्वतः येतो, भाऊ."

आला. चहा नको म्हणाला. पेटीकडे गेलाच नाही, आधी घराला वळसा घालून पश्चिमेच्या भिंतीकडे गेला. थोड्या वेळाने तिकडून त्याचा आवाज आला, "भाऊ, जरा इकडं येता का?"

नळीचं तोंड दिसत नव्हतं. त्यावर आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा चार पदरी गुंडाळलेला होता आणि सुतळीने दोन वेढे देऊन, वर गाठ मारून घट्ट बांधलेला. मधोमध, जिथून गरम येत होतं तिथे, रुपयाएवढा तांबूस डाग पडला होता.

मी आईला बोलावलं. ती आली, आमच्या दोघांकडे पाहिलं.

"मीच बांधलं," ती म्हणाली. "काल पहाटं वारा लई सुटला व्हता. भोकाला हात लावला तर आत वढत व्हतं. घाटाकडचा वारा सरळ पोराच्या अंगावर. तुमी एवढं मापं घेता, आन् भिंतीला भोक ठिवता?"

दुकानदाराने सुतळी सोडली, लुगड्याची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"दाखवा, दाखवा म्हणत होतात ना, भाऊ. आजींनी दाखवलं."

त्याने आत येऊन पेटीचं एक बटण दाबून धरलं, सोडलं, पुन्हा लावलं. लागली. आम्ही तिघं उभे राहून पाहत होतो. दहा मिनिटांनीही ती लागलेलीच होती.

तो गेल्यावर मी खोलीत एकटा थांबलो. काहीतरी सुचलं म्हणून स्टुलावर चढून वरचं व्हेंटिलेटर पाहिलं. त्यात गोधडीचा तुकडा ठासून भरलेला होता. धूळ बसली होती त्यावर, म्हणजे आजकालचा नव्हता. मुलगी यायच्या आधीच केव्हातरी. मी ते नऊ बाय बारा इंच रोज हिशेबात धरत होतो आणि ते नव्हतंच. अकरा मिनिटं, कपाटावरचा ओघळ, शटर वर करणारा दुकानदार, सगळं आठवलं. ते बिनपाइपचं मॉडेल मी आणलं असतं तर या खोलीत शटर वर करायला कुणी उठलं नसतं. ते आपोआप बंदही पडलं नसतं.

सिलिंडर तोलला, नंबर ताडला, मिस्त्रीला दुखावलं. घरातल्या माणसाच्या हाताकडे मात्र पाहिलं नाही. केंद्रावर मी असं कधी करत नाही.

आईला मी बोललो नाही. तिला घेऊन मागे गेलो, तिचा हात नळीच्या बाजूला धरला, मग पुढे धरला. मधून गरम, कडेने गार.

"हे आत जातं ते फक्त पेटीत जातं. खोलीत नाही. काच बंद आहे. आणि हे बुजलं तर पेटी मरते."

तिने हात तिथेच ठेवला.

"लई ऊब वाया घालवतंय हे."

"थोडी जातेच."

"हं," ती म्हणाली. पटलं की नाही ते कळलं नाही.

त्या संध्याकाळी बाज परत खोलीत गेली. व्हेंटिलेटर मी उघडलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी केंद्रावर जायच्या आधी स्टुलावर चढून पाहतो. नळीही पाहतो. वहीत दोन नवे रकाने पाडले. दुकानदाराला फोन करून सांगितलं की मी जे बोललो ते मागे घेतो. तो म्हणाला, "चालायचंच, राव. पुढच्या वेळी आजींनाच आणा दुकानात."

तीन दिवसांनी सकाळच्या फेरीत मागे गेलो तर नळीसमोर दोन खिळे ठोकून दोरी बांधलेली, आणि तिच्यावर ओळीने नातवाचे लंगोट. ऊब वाया जाऊ न देण्याची सोय. मी टेप आणली. तोंडापासून दोरीचं अंतर चौदा इंच. पेटीच्या पुस्तिकेत समोर तीन फूट मोकळे ठेवा असं लिहिलंय. मी खिळे उपटले, तीन फूट मोजले, त्यावर आणखी एक फूट धरला आणि बाजूला दोन बांबू रोवून दोरी परत बांधली.

आई ओट्यावरून पाहत होती. दोरी बांधून झाल्यावर ती खाली आली, लंगोटाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "इथं सुकंल व्हय?"

मी म्हणालो, दुपारी पाहू.