देवाच्या डोळ्यांनी पारखलेली खुर्ची

पेणजवळच्या जोह्यातले जनू म्हात्रे तेहेतीस वर्षं गणपतीचे डोळे काढत आले आहेत. फक्त डोळे. सोंड, पोट, पितांबर, उंदीर ही खाती इतरांकडे. कारखान्यात या कामाला आखणी म्हणतात आणि ती सगळ्यांत शेवटी होते. तोवर मूर्ती रंगलेली असते, दागिने ल्यालेली असते, पण नजर नसते. सत्कार समारंभात तिसऱ्या भाषणाला पोचलेल्या पाहुण्यासारखी ती समोर बसून राहते. मग जनूदा श्वास रोखतात, चार केसांचा ब्रश टेकवतात आणि देव बघू लागतो. दिवसाला असे शंभर-सव्वाशे देव बघते होतात.

हे सगळं जमिनीवर बसून. खाली दुमडलेलं गोणपाट, उजवा गुडघा उभा, गुडघ्यावर कोपर. कोपर हललं की बुबुळ हलतं, बुबुळ हललं की गिऱ्हाईक हलतं. आखणी भुईवर बसूनच करायची हा तिथला रिवाज. तो कोणी घालून दिला हे कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे तो मोडायची परवानगी कोणाकडे मागावी हेही ठाऊक नाही.

यंदा माघात जनूदांच्या पाठीनं असहकार पुकारला. बसणं जमे, उठणं जमेना. संध्याकाळी दोघं जण येऊन त्यांना मूर्ती उचलतात तसं उचलत. एक जण काखेत हात घाली, दुसरा बुडाखाली, आणि सवयीनं कोणीतरी "सोंड सांभाळ" असंही म्हणे. शेवटी ते पेणला डॉक्टरांकडे गेले.

"जमिनीवर बसणं बंद," डॉक्टर म्हणाले. "पाठीला आधार देणारी, उंची कमीजास्त होणारी खुर्ची घ्या. ऑफिसात असते तसली."

"आनि हापिस?"

"ते नसलं तरी चालेल."

एवढ्यावर जनूदांनी चालढकलच केली असती. पण कारखानदार प्रविणशेठ त्याच आठवड्यात म्हणाले, "जनूदा, सोमवारपासून परदेशचा माल आखायचा हाय. दिवसभर बसवत असंल तर तुमीच करा. नाय तर ब्रश नितेशला देतो."

नितेश वाईट कारागीर नव्हे. पण त्यानं आखलेला प्रत्येक गणपती दचकलेला दिसतो, जणू कोणी दार न वाजवता आत शिरलंय. जनूदा रात्रभर एवढंच म्हणत राहिले, "देव अमेरिकेला जानार, तो काय घाबरून जानार?" सकाळपर्यंत खुर्चीचा निर्णय झाला होता.

पेणमध्ये खुर्ची घेणं अशक्यच. पेणमध्ये दुकानदाराचा मेहुणा तरी कारखान्यात असतो, नाहीतर तो स्वतः. आखणीवाला जनू खुर्ची बघतोय ही बातमी खुर्चीच्या आधी जोह्याला पोचली असती. म्हणून रोहा ठरलं. पेणच्या कंपनीत कामाला असलेल्या मुलीनं, सुरभीनं, फोनवर बजावलं, "बाबा, नुसती बघून घेऊ नका. प्रत्येक खुर्चीत तुम्ही कामाला बसता तसं बसून बघा."

मुलीचं म्हणणं जनूदांनी शब्दशः पाळलं. कामाला बसायचं तर काम हवं. त्यांनी "घरी आखतो" असं सांगून कारखान्यातून कोऱ्या डोळ्यांचे आठ वीतभर गणपती घेतले, आणि शनिवारी सकाळी हमरापूरला गाडीत चढले. चार गणपती त्यांच्या मांडीवर, चार पत्नी सरूबाईंच्या.

निडीला चढलेल्या एका बाईनं पिशवीत डोकावून विचारलं, "गणपती? आत्ताच?"

"मागून जागा मिळत नाय गो," सरूबाई म्हणाल्या.

रोह्याच्या दुकानाचे मालक तमीमभाई. सात वर्षं दुबईत हापिसांना खुर्च्या पुरवून परत आलेले. कमरेचा बाक, मानेचा कोन, गुडघ्याचा काटकोन यावर ते इतकं मन लावून बोलत की गिऱ्हाईक उभ्या उभ्या ताठ होई. त्यांनी विचारलं, "काका, काम काय करता? कॉम्प्युटर?"

"डोळे काढतो."

तमीमभाईंनी क्षणभर दाराकडे पाहिलं. मग सरूबाईंनी टेबलावर आठ गणपती ओळीनं मांडले आणि उलगडा झाला. तमीमभाईंनी घाईनं चपला काढल्या. "आमी पन काढू का?" दुकानात आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकानं विचारलं.

"नको हो," जनूदा म्हणाले. "चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा झाली की मग देव. तोपरत माती हाय."

पहिली खुर्ची काळी, उंच पाठीची, मानेलाही उशी. जनूदा बसले, रेलले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं की सरूबाई संशयानं बघू लागल्या. त्याच अवस्थेत त्यांनी पहिला गणपती आखला. गणपती पेंगत होता.

"छान आरामात आहे की," तमीमभाई म्हणाले.

"आरामात हाय, पन भक्ताचं ऐकनार कदी?" सरूबाई म्हणाल्या.

दुसरी जाळीच्या पाठीची, चाकांवर झुळझुळ फिरणारी. डावा डोळा उत्तम उतरला. उजव्याच्या वेळी जनूदांनी पाय जरा दाबला आणि खुर्ची चार बोटं मागे गेली. गणपतीचा एक डोळा भक्ताकडे, दुसरा रोहा स्टेशनकडे. तिसरी साहेब लोकांची, चामड्यासारख्या कापडाची. तिच्यात बसून आखलेल्या गणपतीची नजर अशी की समोरच्यानं आपण होऊन म्हणावं, कागदपत्रं उद्या आणतो. चौथीचे हात आड आले म्हणून ते काढायला लावले. पाचवीत जनूदांनी नकळत मांडी घातली, ती अडकली, आणि तमीमभाईंनी व त्यांच्या नोकरानं त्यांना सोडवलं. त्या गणपतीच्या डोळ्यांत स्वच्छ विचारणा होती.

दुकानात एव्हाना पंधराएक माणसं जमली होती. निकाल आता ती देऊ लागली. धाटावच्या कंपनीतले एक साहेब पेंगणाऱ्या गणपतीपाशी थांबले. "हा मला द्या. हा अगदी दुसऱ्या शिफ्टचा आहे."

"देनार नाय," जनूदा म्हणाले. "सुधारायचा हाय."

सातव्या खुर्चीनंतर एकच कोरा गणपती उरला आणि जनूदांचा धीर सुटला. कमरेत कळा येत होत्या. सगळ्या खुर्च्यांत पाठ सुखात होती, पण कोपराला टेकू नव्हता. गुडघा कुठे उभा करणार? "सरू, चल गो," ते म्हणाले. "नितेशचंच नशीब. दचकू दे देव." आणि ते समोरच्या साध्या निळ्या खुर्चीवर उलटे बसले, घोड्यावर बसावं तसे, छाती पाठीच्या उशीला लावून, कोपरं वर टेकवून, हनुवटी हातांवर. आठवा गणपती थेट समोर होता.

तमीमभाई कळवळले. "काका, पाठ या बाजूला टेकायची. ती उशी कमरेसाठी आहे!"

जनूदांचं सगळं लक्ष कोपराकडे होतं. कोपर हलत नव्हतं. त्यांनी दोनदा हलवून पाहिलं. कमरेतली कळही थांबली होती, कारण सगळा भार छातीवर होता. त्यांनी ब्रश उचलला. दुकानातल्या पंधरा जणांनी न सांगता श्वास रोखला.

डोळे झाले तेव्हा सरूबाई पुढे झाल्या, वाकल्या, आणि लगेच सरळ होऊन त्यांनी पदर नीट केला. कोणी आपल्याकडे पाहिलं की बाईमाणूस करतं तसा.

"हीच," जनूदा म्हणाले.

तमीमभाईंनी वॉरंटीच्या कागदावर सही करताना अगदी व्याकुळ होऊन सांगितलं, की निदान कोणी विचारलं तर खुर्ची माझ्याकडून घेतली असं सांगा, पण बसायला मी शिकवलं असं सांगू नका. सोबत चाकं सरकू नयेत म्हणून लावायचे रबरी बूट त्यांनी फुकट दिले. रविवारी जनूदांनी उलटं बसून सात गणपतींचे डोळे पांढरे करून नव्यानं काढले.

सोमवारी खुर्ची टेम्पोतून कारखान्यात उतरली आणि काम थांबलं. जनूदा उलटे बसले. पहिला बोलला नितेश.

"जनूदा, देवापुढं खुर्ची? देवाच्या वर बसनार?"

प्रश्न रास्त होता. प्रविणशेठनी टेप मागवला, टेबलावरच्या मूर्तीचा मुकुट जमिनीपासून मोजला, जनूदांचं डोकं मोजलं. "दीड इंच वर," ते गंभीरपणे म्हणाले. जनूदांनी खुर्चीखालची दांडी ओढली. फुस्स करत ते सावकाश खाली गेले. इतक्या विनयानं खाली जाताना त्यांना आजवर कोणी पाहिलं नव्हतं. पुन्हा टेप. "आता देव वर." रिवाज दुरुस्त झाला: खुर्ची चालेल, मुकुटाच्या खाली.

संध्याकाळी प्रविणशेठ आले, तेव्हा एकशे बारा गणपती त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी एक उचलून उजेडात फिरवला. दुसरा उचलला. मधेच, कोणाच्या ध्यानात येऊ नये अशा बेतानं, शर्टाचं वरचं बटण लावलं.

"मोठ्या मूर्ती पन तुमीच करा," ते म्हणाले. "ब्रश तुमच्याकडंच राहू दे."

पाच फुटी मूर्तीच्या डोळ्यांपर्यंत मात्र दांडी कितीही ओढली तरी खुर्ची पोचेना. तेव्हा चौघांनी जनूदांसकट ती उचलून लाकडी चौथऱ्यावर ठेवली. पुढचा कोपरा नितेशनं धरला होता. त्या दिवशी जनूदांची पाठ जराही दुखली नाही. नितेशची दुखली.