फेचाबूनची हवा

विलायवनला सगळे उआन म्हणत. उआन म्हणजे जाडी. जन्मली तेव्हा ती साडेचार किलोंची होती म्हणून हे नाव पडलं, आणि त्यानंतरच्या सत्तेचाळीस वर्षांत तिने त्या नावाला शोभेल असं काहीही केलं नाही. काडीसारखी बाई. नोन्थबुरीच्या एका गल्लीत एकटी राहायची आणि रोज बँकॉकला एका विमा कंपनीत जायची. तिथे एकोणीस वर्षं तिच्याकडे एकच काम होतं. ज्यांचे दावे नामंजूर झाले असतील, त्यांना पत्राने तसं कळवायचं. दिवसाला तीस-पस्तीस पत्रं. तिच्या पत्रांची कंपनीत ख्याती होती. नकाराचं पत्र मिळाल्यावर एका गृहस्थाने आभार मानायला फोन केला होता. दावा मंजूर झाला, असा त्याचा समज झाला होता.

कागदावर इतक्या जणांना नाही म्हणणाऱ्या या बाईला तोंडाने मात्र कुणालाही नाही म्हणता येत नसे. आमच्याकडे भीड हा दोष नाही, संस्कार आहे. समोरचा अवघडेल असं काही बोलू नये, हे मूल नीट बोलायला लागायच्या आधीच शिकतं. उआनने ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं. गेली अकरा वर्षं तिला स्वतःच्या कपाळावरची झालर आवडत नव्हती. पण केस कापणारी बदलायची, तर जुनीच्या दारावरून रोज कसं जायचं?

तौहूही असाच आला. आई गेली, तिच्या शंभराव्या दिवसाचा विधी विहारात झाला, आणि बाहेर येऊन पाहते तर टोफूच्या, म्हणजे आमच्या तौहूच्या, रंगाचं कुत्र्याचं एक पिल्लू तिच्या चपलेवर झोपलेलं. चप्पल ओढून घेणं तिला बरं वाटेना. ती पाऊण तास उभी राहिली. शेवटी चपलेसकट पिल्लू घरी आलं.

तौहू एकटा राहिला की दिवसभर रडायचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही. ते फक्त पूर्वीपेक्षा जास्त हसून बोलायला लागले, त्यावरून उआन काय ते समजली. मग ती त्याला पा जम्नियनकडे ठेवू लागली. पा म्हणजे मावशी. सख्खी नव्हे, गल्लीची. पा जम्नियन सत्तरीच्या, विधवा, गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या. तळमजल्यावर तौहू धरून सात कुत्री सांभाळायच्या. सकाळपासून मालिका लावलेल्या असत. कुत्री फरशीवर पसरून त्या बघत आणि पा त्यांना भरवत. चिकट भात, कलेजी, कोपऱ्यावरच्या गाडीवरच्या डुकराच्या मांसाच्या भाजलेल्या काड्या. खाऊ घातला नाही तर कुत्र्याला आपण नकोसे झालो असं वाटतं, हे त्यांचं ठाम मत होतं. उआनला त्या अजून ‘नू’ म्हणत, म्हणजे उंदरा, लहान मुलांना लाडाने म्हणतात तसं.

चार वर्षांत तौहूचं वजन पूर्ण वाढीच्या तेरा किलोंवरून साडेएकोणीसवर गेलं. मार्चमध्ये एका सकाळी तो पाठीची कमान करून ओकायला लागला. डॉक्टरीणबाईंनी स्वादुपिंडाला सूज असल्याचं निदान केलं, सलाईन लावलं, पथ्य लिहून दिलं. जूनमध्ये पुन्हा तेच. या वेळी बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे तिसऱ्यांदा झालं, तर त्याला इथपर्यंत आणायला तरी वेळ मिळेल का, मी सांगू शकत नाही. तेल, चरबी, काही नको. कोण घालतं त्याला?”

घरी कुणी घालत नाही, एवढंच उआन म्हणाली.

त्या संध्याकाळी गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत तिने मनातल्या मनात वाक्य जुळवलं. पा जम्नियनच्या दारात ते बाहेर पडलं ते असं: “पा, तौहू अलीकडे जरा गुटगुटीत झालाय, नाही का?” पा जम्नियन खुलल्या. दुसऱ्या दिवसापासून कलेजी वाढली.

मग तिने पथ्याचा कागद नेऊन दिला. पांनी तो चष्मा लावून वाचला, मान डोलावली आणि जेवणातून काड्या बंद केल्या. दोन जेवणांच्या मधे जे दिलं जाई, ते त्या जेवणात धरत नसत.

याहून स्पष्ट बोलणं उआनच्या आवाक्यातलं नव्हतं. आईच्या शेवटच्या आजारात याच बाई इस्पितळात तीन रात्री उशाशी बसल्या होत्या. त्यांना तोंडावर सांगायचं, की तुम्ही माझ्या कुत्र्याला मारताय? त्यापेक्षा जागा बदललेली बरी, असं तिने ठरवलं आणि पुढचे शनिवार जागा बघण्यात घालवले.

पहिली जागा मॉलच्या पाचव्या मजल्यावर होती. कुत्री फुगे बांधून तलावात पोहत होती. काउंटरवरच्या मुलीने दिनक्रम सांगितला: पोहणं, मालिश, संगीत, शुक्रवारी सगळ्यांचा मिळून वाढदिवस आणि केक. केक कशाचा, असं उआनने विचारलं. कलेजीचा. तिने फार फार आभार मानले आणि सवलतीचं कूपनही घेतलं, कारण न घेणं वाईट दिसलं असतं.

दुसरीकडे काचेच्या खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत कॅमेरा. मालकाला दिवसभर फोनवर आपला कुत्रा बघता येत असे. उआनने दहा मिनिटं बघितलं. आतले सगळे कुत्रे कॅमेऱ्याकडे बघत बसले होते. ऑफिसात बसून आपलंही असंच होईल, हे तिच्या लक्षात आलं.

तिसरी जागा घरापासून सात मिनिटांवर होती. शाळेतून निवृत्त झालेले एक कवायतीचे मास्तर, ख्रू विट, घरामागच्या अंगणात बारा कुत्री सांभाळत. सकाळी चालणं, दुपारी आंब्याखाली झोप, संध्याकाळी पुन्हा चालणं. दर सोमवारी वजन. घरून येईल त्या डब्याखेरीज कुणाला कण मिळत नसे. अंगणात शिस्त एवढी होती, की तौहूनेही आत शिरल्यावर एकदाच भुंकून बघितलं आणि खाली बसला.

ख्रू विटनी अडचण विचारली. उआनने पाच मिनिटं प्रस्तावना केली. ती आईच्या आजारपणापर्यंत पोहोचली, तेव्हा त्यांनी हात वर केला.

“म्हणजे तिथे त्याला फार खायला घालतात.”

“नाही,” उआन म्हणाली. “प्रेम करतात.”

“वजन?”

“साडेएकोणीस.”

“भरपूर करतात,” ख्रू विट म्हणाले. मग त्यांनी लसींचं पुस्तक मागितलं. त्याशिवाय ते कुत्रा आत घेत नसत.

पुस्तक पा जम्नियनकडे होतं, देव्हाऱ्याखालच्या खणात. ते मागायचं, तर कारण द्यायला हवं. उआनची थोरली बहीण फेचाबूनला चिंचेच्या बागा करून राहते, हे खरं होतं. तिला कुत्र्यांची ॲलर्जी होती, हेही खरं होतं, पण ते पा जम्नियनना ठाऊक नव्हतं. उआनने सांगितलं, की तौहूला हवापालट म्हणून काही महिने बहिणीकडे पाठवतेय, आणि बसमध्ये लसींचं पुस्तक दाखवावं लागतं.

पांनी देव्हाऱ्याखालचा खण उघडला. पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिलं. बहिणीसाठी सुक्या मांसाच्या किसाचा डबा दिला. भिक्खूंनी मंतरलेला पांढरा दोरा तौहूच्या पट्ट्याला बांधला, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. तो त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडून होता. उआनला वाटलं, आत्ता खरं सांगावं. तिने सांगितलं, की बस साडेआठची आहे.

तेव्हापासून तिचा दिवस सव्वासहाला सुरू होऊ लागला. पा जम्नियनचं दार टाळायचं म्हणून ती कालव्याच्या कडेने मागच्या वाटेने जाई आणि सात मिनिटांच्या जागी पंचवीस लागत. तौहू रोज गल्लीच्या तोंडाकडे ओढ घेई. पा भेटल्या की तो तिकडे कसा आहे ते विचारत आणि उआन तिकडची बातमी देई. एकदा तिला वाटलं, की तिकडून काहीच येत नाही हे विचित्र दिसतंय. तिने नोन्थबुरीच्या बाजारातून दोन किलो फेचाबूनच्या गोड चिंचा घेतल्या, दुकानाची पिशवी बदलली आणि बहिणीने पाठवल्या म्हणून नेऊन दिल्या.

दहा आठवड्यांनी ख्रू विटच्या काट्यावर तौहू पंधरा किलो आठशे ग्रॅम भरला. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, रक्त तपासलं आणि आता काळजी नाही म्हणाल्या.

त्याच आठवड्यात उआनची चूक झाली. चूक साधी होती. त्या दिवशी उपोसथ होता, म्हणजे विहारात जायचा व्रताचा दिवस. ऑफिसला जाणारी माणसं चंद्राच्या तिथी बघत नाहीत. पा जम्नियन बघत. उपोसथाला त्या पहाटे विहारात दान घेऊन जात आणि परत येत कालव्याच्या कडेने, कारण तिकडे सावली असते.

आधी तौहूला दिसलं. दोरी उआनच्या हातातून सुटली. तिने डोळे उघडले तेव्हा त्याचे पुढचे दोन्ही पाय पा जम्नियनच्या पांढऱ्या लुंगीवर होते. पांनी हातातला चार पुडांचा डबा खाली ठेवला, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पट्ट्याला बांधलेला दोरा पाहिला.

“पा,” उआन म्हणाली. पुढे तिला पत्रांचे मायनेच आठवायला लागले.

“गोड आहे गं कुत्रा,” पा जम्नियन म्हणाल्या. “कुणाचा?”

उआनने जमिनीवर पडलेली दोरी उचलली.

“आपल्या तौहूसारखा दिसतो. पण हा केवढा सडपातळ.” त्यांनी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला. “ऑफिसातल्या कुणाचा असेल.”

“मैत्रिणीचा,” उआन म्हणाली.

“तौहू कसा आहे तिकडे?”

“बरा आहे, पा. वजन उतरलंय. डॉक्टर म्हणतात, आता धोका नाही.”

“धोका होता?”

तौहू फेचाबूनला होता, म्हणून असेल, पण उआनला पहिल्यांदाच सरळ बोलता आलं. “होता. पुन्हा सूज आली तर वाचणार नाही म्हणाले होते.”

पा जम्नियन बराच वेळ मैत्रिणीच्या कुत्र्याचे कान कुरवाळत राहिल्या.

“मला बोलली नाहीस कधी, नू.”

“बोलले होते. जरा गुटगुटीत झालाय म्हटलं होतं.”

पांनी आठवून पाहिलं. “हं. म्हटलं होतंस खरं.” त्यांनी डबा उचलला. “फेचाबूनची हवा मानवलीय त्याला. इतक्यात कायमचा आणू नकोस. आणि चिंचा छान होत्या. आपल्या बाजारात मिळतात अगदी तशाच.”

चार पावलं जाऊन त्या थांबल्या.

“बहिणीला विचार, त्याला भोपळा चालतो का. नुसता उकडलेला. मीठ नाही.”

उआनने त्याच सकाळी ख्रू विटना विचारलं. पन्नास ग्रॅम, असं उत्तर मिळालं.

शनिवारी तौहू फेचाबूनहून दोन दिवसांसाठी आला. पा जम्नियनच्या तळमजल्यावर मालिका चालू होती. टीव्हीशेजारी स्वयंपाकाचा नवा काटा होता. पांनी त्यावर भोपळ्याची फोड ठेवली. ती चोपन्न भरली. त्यांनी उआनकडे पाहिलं, उआनने छताकडे पाहिलं. मग पांनी सुरीने टोक उडवलं, ते स्वतः खाल्लं आणि उरलेली फोड तौहूपुढे ठेवली. बाकीची सहा कुत्री काट्याकडे संशयाने बघत होती.

सोमवारी सकाळी पा दार झाडत होत्या. प्रवास नीट होऊ दे, असं त्या तौहूला म्हणाल्या आणि तो फेचाबूनला परत गेला. आता आडवाट धरायचं कारण नव्हतं. सात मिनिटं लागली.