बटाट्याची खाला

मालाडच्या मालवणीत खैरुन्निसा परकार म्हणाल तर कुणी ओळखणार नाही. खैरूखाला म्हणा, रिक्षावाला थेट दारात आणून सोडेल. टीव्हीमुळे आता ‘बटाट्याची खाला’ म्हटलं तरी सोडतो, पण ते तिच्यासमोर म्हणायची हिंमत करू नका. एका टग्याने केली होती. म्हातारीने चप्पल काढली, आणि नेम तिचा अजून पक्का आहे.

खैरूखाला म्हणजे हळदीची गाणारी. कोकणी मुसलमानांच्या हळदीत बायका गातात ते ज्याने ऐकलं नाही त्याने काय ऐकलं हो? ढोलकीवर थाप पडली की गाणारी एकेकाचं नाव घेते आणि भर मांडवात त्याची पिसं काढते. व्याही हावरट, मामा टकला, फुफू म्हणजे आत्या भांडकुदळ. रागवायचं नाही, उठायचं नाही, हसत ऐकून घ्यायचं. सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात झणझणीत गाणं नवऱ्याचं. हळदीने माखून पाटावर बसायचं आणि आपली खरडपट्टी ऐकायची, त्याशिवाय हळद पुरी झाली असं घरचं कुणी मानत नाही. यात नियम एकच. थट्टा आपल्या माणसाची. नुसता जेवायला आलेला पाहुणा असेल तर त्याचं नाव गाण्यात घ्यायचं नाही, त्याला गुमान जेवू घालायचं.

खालाची नानी दापोलीकडे गायची, मग आई, मग ही. शेजारचा नितेश सावंत, कणकवलीचा, दर हळदीला हिच्यासाठी ढोलकी धरायचा, म्हणून त्याच्यावरही एक गाणं ठरलेलं. मासळी विकणारी शेवंती कोळीण खालाची जिवाभावाची मैत्रीण, तिच्यावर तर दोन. गाण्यात नाव आलं नाही तर शेवंती रुसून बसायची.

आता या खालाचा भाचा, इर्शाद. बहीण, म्हणजे त्याची आई, गेली तेव्हा पोर जेमतेम शाळेत जायला लागलं होतं, बाप बोटीवर कामाला. खालाला मूलबाळ नव्हतं. तिने आणि तिच्या नवऱ्याने, खालूने, त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. पोर लहानपणापासून नकलाकार. खालाच्या हळदीला जायचं, कोपऱ्यात बसून सगळी गाणी पाठ करायचं आणि घरी येऊन म्हणून दाखवायचं. खालू हसून हसून लोळायचा.

तोच इर्शाद मोठा होऊन टीव्हीवर गेला. कार्यक्रमाचं नाव ‘बसा ना भाईजान’. टेबलाभोवती चार मुसलमान विनोदवीर, मध्ये विषय फेकणारी सूत्रसंचालक संघमित्रा. विषय सगळे रोजच्या जगण्यातले. नाव ऐकून फ्लॅट ‘आत्ताच गेला हो’ म्हणणारा ब्रोकर. वर्षभर न बोलता ईदच्या दिवशी बिर्याणीसाठी फोन करणारे ऑफिसवाले. रोज पहाटे गुलाबाची फुलं पाठवणारे फॅमिली ग्रुपवरचे चाचा. झकास चालला कार्यक्रम. खालाच्या खोलीत अख्खा मजला जमायचा. इर्शादने ब्रोकरची टर उडवली तेव्हा नितेश टाळ्या पिटत म्हणाला, “खाला, हे तर तुझ्याच गाण्यातलं उचललंय!” खाला म्हणाली, “उचलू दे रे. माझं ते त्याचंच.”

आणि मग तो भाग आला. विषय होता, घरातली माणसं. इर्शादने डोक्यावर ओढणी घेतली, आवाज घोगरा केला आणि म्हणाला, “ही माझी खैरूखाला. खालूची मय्यत घरात. खाला छाती पिटून रडतेय, हाय अल्ला, मला कुणाच्या भरवशावर सोडून गेलात... आणि मध्येच रडणं बंद करून विचारते, बिर्याणीत बटाटा घातला का?”

स्टुडिओ कोसळला. संघमित्रा टेबलावर डोकं ठेवून हसत होती. पुढच्या भागापासून कुणी काही दुःखाचं बोललं की बाकीचे तिघे एका सुरात ओरडायचे, “बटाटा घातला का?”

खालाच्या खोलीत मात्र शेवंती खाली बघत बसली. खालू गेला त्या दिवशी ती तिथेच होती ना!

काय झालं होतं ते ऐका. मय्यत झालेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणतात. त्या दिवशी खालच्या मजल्यावरून बिर्याणीचं पातेलं आलं. इर्शाद तेव्हा बारा वर्षांचा, सकाळपासून उपाशी, खालूच्या चपला उराशी धरून दाराआड बसलेला. पोराला मटण जात नसे, बिर्याणीतला बटाटा तेवढा खायचा. खालाला रडता रडता तो दिसला. ती म्हणाली, “अगं, इर्शाद सकाळपासून उपाशी आहे. मटण खात नाही तो. बटाटा घातला का बघा.” शेवंतीने बटाटे शोधून काढले आणि आपल्या हाताने त्याला भरवले. खाल्ले त्याने! आणि मोठा झाल्यावर वाक्याचं डोकं उडवून नुसतं शेपूट टीव्हीवर नाचवलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात, याने तर वासे काढून विकले.

पुढे जोगेश्वरीला एका हळदीत खालाने गळा मोकळा केला, पहिली ओळ म्हणायच्या आत मागून कुणी ओरडलं, “बटाटा!” सगळा हॉल फुटला. तिचं गाणं कुणी ऐकलंच नाही. जी बाई दुसऱ्यांना हसवायची तीच हसण्याची वस्तू झाली. मग बोलावणी आटली, लोकांनी डीजे आणले. खालाला पैशाचं दुःख नव्हतं. नवरा गेल्यावर तिच्याजवळ एक आवाज तेवढा उरला होता, आणि त्या आवाजाला चार माणसांत असलेला मान. तो गेला. आणि नवऱ्यासाठी गाळलेली आसवंही आता लोकांना खोटी वाटत होती. तिने इर्शादवर डूख धरला. उघडच सांगायचं तर, त्याचं नाव निघालं की तिचे दात एकमेकांवर घासायचे.

अशात एक दिवस तो मिठाईचा खोका घेऊन दारात उभा. लग्न ठरलं होतं.

“खाला, हळदीला तूच गायचंस. आमची टीम शूट करणार, लग्नाचा खास भाग. माझ्यावर मनसोक्त गा. जेवढी झोडशील तेवढा भाग चालेल.”

खालाने खोका उघडला नाही. “गाईन. आधी टीव्हीवर एकदा खरं सांग. बटाटा कुणासाठी मागितला होता ते.”

इर्शाद हसला. “काय खाला! कॉमेडीत एवढं लांबण कोण लावतं? सेटअप लांबला की पंच मरतो, यार. लोकांना मजा आली ना, झालं तर मग.”

“बरं,” खाला म्हणाली. “येते मी.”

शेवंतीला हे कळलं आणि तिने सुरीच परजली म्हणा. “सोडू नको हां त्याला! रोजा ठेवतो सांगून माझ्या टोपलीमागे बसून भजी खायचा, ते गा. दहावीत दोनदा नापास झाला, ते गा. खालूच्या कबरीवर कधी गेला नाही, ते पयलं गा!” खालाने सगळं गाण्यात बसवलं. भांडी घासता घासता जुळवायची आणि एकटीच हसायची. किती दिवसांनी हसत होती! एकेक ओळ अशी विखारी की नितेश ढोलकीवर साथ करता करता थबकायचा. “खाला, वाट लागणार गं पोराची,” तो म्हणायचा. “लागू दे,” खाला म्हणायची.

हळदीच्या संध्याकाळी हॉलमध्ये दिवे, कॅमेरे, इर्शादचे टीव्हीवाले मित्र. संघमित्रा खालाच्या दुपट्ट्याला माइक लावायला आली. पोरगी बोलायला गोड. “खाला, अजिबात हातचं राखू नका हं. इर्शाद म्हणालाय, खालाने जितकं वाईट बोलावं तितका आपला फायदा. शेवटी तुम्ही बटाट्याचं म्हणा, आम्ही सगळे मागून ओरडू.”

खाला तिच्याकडे बघतच राहिली. म्हणजे शिवी आपण द्यायची आणि कमाई त्याची! भजी गायली काय, कबर गायली काय, हा सगळ्याचा विनोद करून विकणार. हवं ते ठेवणार, नको ते कापणार. तिचा हात माइकवर गेला आणि तिथेच थांबला.

“शेवंते,” ती हळूच म्हणाली, “आपली गाणी वाया गेली गं.”

“म्हंजे? सोडतेस की काय त्याला?”

“सोडते? बघच तू आता.”

इर्शादला पाटावर बसवलं, हळद माखली, ढोलकी वाजली. आणि खाला अशी गायली, अशी गायली, की जोगेश्वरीत हसलेल्यांनी कान धरावेत. नवरीकडून हळद घेऊन आलेल्या मामांना पहिल्यांदा धरलं:

“मामा आले मिशीला लावून साजूक तूप गं,
पोटाचा झाला रांजण, म्हणे भूक नाही खूप गं!”

मामा पोट धरून हसले. मग नितेश:

“नितेशभाऊ नाचला, जिना सारा हलला गं,
वहिनी शोधत आली तर पंख्याखाली झोपला गं!”

मग शेवंतीची दोन. नवरीच्या फुफूचं, इर्शादच्या बापाचं, हॉलच्या वॉचमनचंसुद्धा, कारण तो याच गल्लीत वाढलेला. कुणी ‘बटाटा’ म्हणायला तोंड उघडलं नाही, हसण्यातून सवड कुणाला होती? कॅमेरे हळूहळू इर्शादकडे वळले. तो पाठ ताठ करून, ओठांत हसू दाबून तयार बसला. लहानपणी कोपऱ्यात बसायचा तेव्हा असाच बसायचा.

खालाने नितेशच्या ढोलकीवर हात ठेवला. माइक काढून संघमित्राच्या हातात दिला आणि गुडघ्यावर हात टेकत उठली.

“खाला,” इर्शाद म्हणाला, “माझं राहिलं.”

खाला चपला शोधत होती.

“खाला! नवऱ्याचं गाणं राहिलं ना. काय वाट्टेल ते गा, पण गा.”

आता हॉलमधल्या म्हाताऱ्या बायकांच्या लक्षात आलं. एकीने तोंडावर पदर घेतला. टीव्हीवाल्यांना वाटलं, ही गंमतच चाललीय. कॅमेरा चालूच होता.

खाला वळली. तिने त्याला ‘अहो’ म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा.

“अहो, आम्ही पाहुण्यांवर गात नाही. पद्धत नाही आमच्यात.”

  इर्शादच्या डोळ्यांतलं पाणी हळदीवरून ओघळून हनुवटीपर्यंत आलं, ते पुसायलाही त्याने हात उचलला नाही. संघमित्राने खुणेने विचारलं, बंद करू का? त्याने तिकडे पाहिलंच नाही.

दाराशी जेवणाची पातेली लागली होती. खाला वाढप्याजवळ थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “त्या पाटावरच्या पाहुण्यांना जेवल्याशिवाय जाऊ देऊ नका. मटण खात नाहीत ते. बटाटा घातला का बघा.”

कुणीच हसलं नाही. खाला शेवंतीचा हात धरून जिना उतरली.