परदेशात मिसळण्याचं शिक्षण

भूकंपानंतर किल्लारीकडं नवी घरं उभी राहत होती, तेव्हा मी वायरिंग शिकलो. पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले. एकेका हॉलला ओळीनं पंखे, त्यामुळं काम कधी कमी पडलं नाही. तरीही आखातात जायचं डोक्यात बसलं. नांदेडचा एक सोबती तिथून गाड्यांना टेकून काढलेले फोटो पाठवायचा. त्या गाड्या कुणाच्या, हे विचारायचं मला सुचलं नाही.

जाण्याआधी आमच्यासाठी एक सरकारी शिबिर झालं. विषय होता, परदेशात तिथल्या लोकांत कसं मिसळायचं. जागा अर्थातच एका क्लासची, आणि शिकवायला तिथलेच रसायनशास्त्राचे सर. सरांनी परदेश पाहिला नव्हता, पण प्रश्नपत्रिका पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं: यजमानानं कॉफी दिली तर काय कराल? खाली चार पर्याय.

"नको म्हणायचं नाही. नकार म्हणजे अपमान," सर म्हणाले. "हे पक्कं करून ठेवा, हे येणारच!"

बिलोलीच्या एका गवंड्यानं हात वर केला. "सर, मालकानं पासपोर्टच ठिवून घेतला तर?"

"तो भाग सिलॅबसमध्ये नाही."

आखातात पोचलो, तर मिसळायला अरबच सापडेना. खोलीत नेपाळचे, सुपरवायझर केरळचा, जोडीदार इलेक्ट्रिशियन फिलिपिन्सचा. अरब माणूस दिसायचा तो रस्त्यावरच्या मोठाल्या फलकांवर, हसताना.

शेवटी एका म्हाताऱ्या अरबाच्या घरी एसीचं काम निघालं. काम झाल्यावर त्यानं आम्हा दोघांना बसवलं आणि चिमुकल्या कपात कडू कॉफी आली. मला सर आठवले. मी कप रिकामा केला की नोकर भरायचा, तो भरला की मी प्यायचो. जोडीदारानं मात्र दुसऱ्या कपानंतर कप जरासा हलवला आणि तो सुटला. इतक्या कॉफीनं माझ्या छातीत धडधडायला लागलं. दारात उभा असलेला हैदराबादी ड्रायव्हर हसू दाबत म्हणाला, "अरे मियाँ, कप हिलाओ! नहीं हिलाए तो रात तक पिलाते रहेंगे!"

ही बोली मी नांदेडच्या बाजारातच शिकलो होतो. मी कप हलवला. म्हातारा खो खो हसला.

परतताना जोडीदारानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडं शिकवत नाहीत?"

"शिकवतात की. नको म्हणायचं नाही, एवढं शिकवलं."

त्याच्या देशानं आपल्या लोकांसाठी दर शुक्रवारी अरबीचा वर्ग ठेवला होता. तो मला तिथं घेऊन गेला. शिकवणाऱ्या बाईंनी मी कुठला ते विचारलं, तर हा बेधडक म्हणाला, "आमच्याच देशाच्या दक्षिणेकडचा." बाईंनी मला नीट न्याहाळलं, हसल्या आणि मागच्या बाकाकडं बोट केलं. तिथं बसून मी अरबी शिकलो. आपल्या भारतीयांचाही एक मेळावा झाला. तुम्ही सगळे देशाचे राजदूत आहात, असं पाहुणे म्हणाले. टाळ्या वाजवून आम्ही राजदूत मजुरांच्या कॅम्पवर चालत आलो.

काही महिन्यांनी त्याच म्हाताऱ्याकडं पुन्हा जायचा योग आला. या वेळी मी त्याच्या भाषेत बोललो. गाव कुठलं, त्यानं विचारलं. लातूर त्याला ठाऊक नव्हतं. हैदराबादजवळ म्हटलं, तर चेहरा खुलला. मग घरच्यांची चौकशी. बहीण गेली, एवढं सांगता आलं, पण कशानं ते सांगायला शब्द सापडेना. वर्गात तो आलाच नव्हता. गावाकडचे मुसलमान शेजारी भूकंपाच्या त्या पहाटेला जे म्हणायचे तेच तोंडातून निघालं, "जलजला."

म्हाताऱ्याच्या हातातला कप थांबला.

"जिलजाल?"

मी मान हलवली. त्यानं हात छातीवर ठेवला. घर पडलं का, तिचं वय काय होतं, हळूहळू, मला कळेल असं विचारत राहिला. इतक्या वर्षांत तिच्याबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. आमच्याकडं प्रत्येक घरात कुणी ना कुणी गेलं होतं, कोण कुणाला विचारणार? येत होत्या तेवढ्या शब्दांत मी सांगितलं. मग त्यानं जेवण मागवलं आणि आपल्या शेजारी गालिच्यावर बसवून मला जेवू घातलं.

त्यानंतर त्या घरून कंपनीला फोन यायचा तो माझं नाव घेऊनच. त्या घरातले दिवे फारच वरचेवर जायला लागलेत, असं सुपरवायझर कुरकुरायचा.