हरवल्या-सापडल्याचे कपाट

बाईंना शाळेत सगळे सुविचारबाई म्हणत. तोंडावर नाही, पण बाईंना ते ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते. पोटासाठी त्या भाषा शिकवत. जीव मात्र शुक्रवारच्या शेवटच्या तासात, मूल्यशिक्षणात. त्याला ना परीक्षा ना गुण, त्यामुळे कुणाचाही अभ्यासक्रम मागे पडला की तो माणूस हाच तास मागायला येई, आणि बाई नेहमीप्रमाणे त्यागावर बोलायच्या ऐवजी तो करून मोकळ्या होत.

यंदा मात्र हेडसरांनी स्पष्टच सांगितले, "बाई, या तासाचा परिणाम दिसत असेल तर दाखवा. नाहीतर पुढच्या सत्रापासून तो गणिताला देतो."

आता चांगुलपणा दाखवायचा कसा? तो काय वजनकाट्यावर चढतो? बाईंनी डोके खाजवले आणि जिन्याखालचे हरवल्या-सापडल्याचे कपाट उघडले. आत एक एकटा मोजा आणि झाकण नसलेली बाटली होती. दुसऱ्याच दिवशी बाईंनी जाहीर केले, की सापडलेली वस्तू जो आणून देईल त्याचे नाव परिपाठात पुकारले जाईल आणि सगळी शाळा टाळ्या वाजवेल.

मग काय विचारता! डबे आले, पट्ट्या आल्या, स्वेटर आले, कपाटाचे दार लागेना. एकदा तर एक बूट आला. एकाच पायात बूट घालून ते पोर वर्गात कसे गेले, हा प्रश्न बाईंना पडला नाही. यश मिळत असताना माणसाला प्रश्न जरा कमीच पडतात. हेडसर खूश झाले. येत्या शुक्रवारी संस्थेची मंडळी परिपाठाला येतील आणि तासाचा निकाल तिथेच लागेल, असे त्यांनी कळवले.

घरी बाईंनी हे सासूबाईंना रंगवून सांगितले.

"अगं, पण तुमच्या शाळेतली पोरं एवढी वेंधळी कधी झाली?"

"वेंधळी नाही हो आई, प्रामाणिक!"

"सापडायला आधी हरवावं लागतं ना? टाळ्या मिळणार असतील, तर मीसुद्धा रोज कवळी हरवेन."

बाई हसल्या, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या जिन्याच्या खिडकीत उभ्या राहिल्या. खाली नळापाशी एका मुलीने आपली बाटली नीट उभी करून ठेवली आणि मैत्रिणीला म्हणाली, "घे, आज तुझा नंबर. उद्या तू हरवायचं हं, शब्द दिलायस." थोड्या वेळाने पलीकडे दोन मुलांचे असेच ठरले. कुणी भांडत नव्हते, कुणी शब्द मोडत नव्हते. सहकार्य, शिस्त, वचनपालन, जे जे बाई इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आल्या, ते सगळे पोरांनी या एका लबाडीत पुरेपूर उतरवले होते. हसावे की रडावे हेच बाईंना कळेना.

एकीचेच नाव कधी पुकारले गेले नव्हते. वर्ग तिला घुमी म्हणे. तिच्याशी कुणी बोलत नसे, मग तिच्यासाठी कोण काय हरवणार? बाईंना तिची दया आली. शिवाय शुक्रवारी पाहुण्यांसमोर एक तरी नाव खरे असावे, असेही वाटले. गुरुवारी घुमी मागून एकटीच येताना दिसली, तेव्हा बाईंनी हातातले पेन व्हरांड्यात टाकले आणि शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसल्या.

घुमी आली. "बाई, तुमचं पेन."

"अगंबाई! पडलं वाटतं. शाबास! उद्या तुझं नाव पुकारते हं."

"नको."

"का गं?"

"तुम्ही टाकलंत ते. आधी मागे वळून माझ्याकडे बघितलंत, मग टाकलंत."

शेजारच्या टेबलावर गणिताचे सर वह्या तपासत होते. त्यांनी मान वर केली. इथे 'हो' म्हणायला एक शब्द पुरला असता.

"काहीतरीच काय!" बाई म्हणाल्या. "हातातून निसटलं."

घुमीने पेन टेबलावर ठेवले. मग "बरं" म्हणाली आणि गेली.

शुक्रवारी नावे पुकारली, टाळ्या कडाडल्या. घुमीचे नाव आले तेव्हा ती खाली मान घालून उभी राहिली. पाहुणे भारावले. तास राहिला, इतकेच नाही, आठवड्यातून दोनदा झाला. सगळे अभिनंदन करत होते आणि बाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. सोमवारी पोरीला बाजूला घेऊन खरे सांगायचे, असे त्यांनी ठरवले, आणि अगदी मनापासून ठरवले.

सोमवारी त्या कपाटापाशी पोचल्या, तर घुमीच्या वर्गातली एक मुलगी कंपासपेटी घेऊन उभी होती. "बाई, नळापाशी सापडली!"

"कुणाची गं?"

"माझी," मागून घुमी म्हणाली. तिने त्या मुलीच्या खांद्यावर हात टाकला होता आणि ती हसत होती. तिला हसताना बाई पहिल्यांदाच बघत होत्या. "हातातून निसटली, बाई."

बाईंनी पेटी घेतली, कपाटात ठेवली आणि परिपाठात पुकारायला त्या मुलीचे नाव विचारले.