विलायती गाडीचा धाक

ती संध्याकाळ आठवली की आजही माझ्या हातांना घाम फुटतो. उभ्या नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, पण न्हावऱ्याजवळच्या एका खात्यापित्या घराच्या अंगणात मी जेवढा घाबरलो, तेवढा कुठेच घाबरलो नाही.

तेव्हा मी शिरूर भागात पोलीस निरीक्षक होतो. फिर्यादी चाळिशीचा बागायतदार. काही जमीन कारखान्यांसाठी गेली, मोबदला आला आणि हौस म्हणून त्याने विलायती स्पोर्ट्स कार घेतली. लालभडक, दोनच सीटची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. असली गाडी बाळगण्याचं सुख काय असतं ते त्याच्याकडूनच ऐकावं! प्रत्येक गतिरोधकावर बायकोला खाली उतरवायचं आणि गाडी तिरकी काढायची. उसाची ट्रॉली समोर आली की जीव मुठीत. जरा काही बिघडलं की पुण्याहून माणूस येईपर्यंत गाडी झाकून ठेवायची. तिच्या आवाजाने म्हशी बिचकायच्या आणि धार द्यायच्या नाहीत. तरी दौंडच्या रस्त्याला मोकळी पळवून आला की स्वारी दिवसभर खूश असायची.

ठाण्यात आला तेव्हा मात्र चेहरा पांढराफटक पडला होता. गाडी फिरवून आला की त्याच दिवशी अनोळखी नंबरवरून फोन यायचा आणि कोणीतरी हिंदीत सांगायचा, "गाड़ी बेच दे, नहीं तो इसी में मरेगा." शिवाय दर अमावास्येनंतर गाडीच्या मागच्या चाकाशी काहीतरी जाळलेलं सापडायचं. ते त्याने पिशवीत भरूनच आणलं होतं. कोणीतरी करणी केलीय, असं त्याचं ठाम मत. आमच्या हवालदाराने स्टेशन डायरीला नोंद चोख घेतली, पण पिशवीला हात लावायला साफ नकार दिला.

मला दोन गोष्टी खटकत होत्या. धमकी देणारा काहीच मागत नव्हता. असला खंडणीखोर मी तरी पाहिला नव्हता. दुसरं म्हणजे, फिर्यादीने बसवलेले सगळे कॅमेरे फाटकाकडे तोंड करून होते आणि त्यांत कोणीच दिसत नव्हतं. म्हणजे येणारा फाटकातून येतच नव्हता.

त्या नंबरचे कॉल रेकॉर्ड मागवले. सिमकार्ड परराज्यातल्या माणसाच्या नावावर. मग खबऱ्याने कळवलं की हा नंबर एमआयडीसीतला एक कामगार वापरतो आणि तो याच बागायतदाराच्या खोल्यांत भाड्याने राहतो. अमावास्येच्या दुपारी त्याला चौकशीला आणला. तो काही केल्या कबूल होईना. मी चहा मागवला आणि पिशवी उघडली. आत मीठ, मोहरी, लाल मिरच्या, सगळं जळकं. ही कसली करणी? ही तर काढलेली दृष्ट! माझी आईसुद्धा आमच्यावरून हेच उतरून चुलीत टाकायची. वैरी कधी दृष्ट काढत नाही, ती घरचंच माणूस काढतं. मी त्याला सरळ विचारलं, मालकाच्या घरातलं कोण फोन करायला सांगतं? त्याने कप खाली ठेवला.

"आबा ने बोला, साहब. बोले, डरेगा तो बेच देगा. मना करता तो कमरा जाता."

आबा म्हणजे फिर्यादीचे वडील. मी जबाब लिहून घ्यायला सांगतोय तोच फिर्यादीचा फोन आला.

"साहेब, आज अमावस्या हाय. त्यो येनारच. म्या गावठी कट्टा आणलाय, गोळ्या भरून, आन् गोठ्यात बसलोय. येऊ द्या त्याला."

मी 'थांब' म्हणेपर्यंत फोन बंद झाला. परत लावला तर लागेना. बायकोचा फोन कोणी उचलेना. जीप काढली, पण रस्ताभर कांद्याचे टेम्पो आणि उसाच्या ट्रॉल्या. दिवस मावळत चालला होता. गोळीचा आवाज आपण पोचायच्या आधी होणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

जीप फाटकातच सोडून पळत आत गेलो. गाडीच्या शेडमध्ये अंधारात डोक्यावरून घोंगडी घेतलेलं कोणीतरी बॉनेटवरून मूठ ओवाळत होतं. पायाशी निखाऱ्यांचं खापर. आणि गोठ्यात म्हशीच्या आडून त्याच्यावर रोखलेली नळी. मुलाला हाक मारली असती तर दचकून त्याने चाप ओढला असता. मी होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हाताऱ्याला हाक घातली.

"राम राम, आबा!"

ओवाळणारा हात थांबला. गोठ्यात कट्टा खाली पडल्याचा आवाज आला. मुलगा तिथेच शेणात मटकन बसला.

थोरला मुलगा याच दौंडच्या रस्त्यावर मोटारसायकलीच्या अपघातात गेला होता, हे आबांनी तेव्हा सांगितलं. धाकटा सांगून ऐकेना, म्हणून त्यांनी त्याला भीती घातली. मुलाने वडिलांविरुद्ध अवाक्षर लिहून दिलं नाही. पण विनापरवाना कट्ट्याकडे मला डोळेझाक करता येत नव्हती. पंचनामा केला, कट्टा मुद्देमालात जमा केला आणि त्याला अटक केली.

त्या घरात सराईत गुन्हेगार एकही नव्हता. बाप मुलासाठी भ्याला होता, मुलगा स्वतःसाठी, आणि खून व्हायला तेवढं पुरेसं होतं. गुन्हेगाराचा अंदाज बांधता येतो, भ्यालेल्या माणसाचा येत नाही, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मुलासाठी डबा घेऊन ठाण्यात आले. मी रागातच म्हणालो, "आबा, तुमच्यापायी पोरगं गजाआड गेलं."

आबांनी डबा टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "व्हय साहेब. पर काल लई दिसांनी झोप लागली. हितं हाय तवर गाडीत तर न्हाई."